टाक-शाई की टॅबलेट: छापायच्या रेखाचित्रात खरा प्रश्न मापाचा

कृष्णधवल रेखाचित्र कागदावर करावं की टॅबलेटवर, या वादात दोन्ही बाजूंचे चित्रकार बहुतेकदा अनडूबद्दल बोलतात. कागदावर रेघ पुसता येत नाही, टॅबलेटवर येते, म्हणून एक अवघड आणि दुसरं सोपं, असा तो हिशेब. मला हा फरक दुय्यम वाटतो, कारण कागदावरची चूकही दुरुस्त होते, फक्त वेळ लागतो. मोठा फरक मापाचा आहे. कागदावर काम सुरू केल्यापासून संपेपर्यंत चित्र एकाच मापात डोळ्यांसमोर असतं. टॅबलेटवर दोन बोटं फाकवली की ते बदलतं. मग रेघ किती जाड, दोन रेघांत अंतर किती, तपशील कुठे थांबवायचा हे सगळं त्या फुगवलेल्या मापावर ठरत जातं, आणि छापून आल्यावर चित्र एका कोपऱ्यात काळवंडलेलं, तर दुसऱ्या कोपऱ्यात विरळ दिसतं.

सोयीसाठी एकच काम डोळ्यांसमोर ठेवू: दिवाळी अंकातल्या कथेसाठी पानभर चित्र, छापील माप १८ × २४ सेंमी, मॅपलिथो म्हणजे चकाकी नसलेला साधा कागद, फक्त काळ्या शाईत ऑफसेट छपाई.

लेटरप्रेसच्या, म्हणजे उठावाच्या ठशांनी छापण्याच्या काळात अशा चित्राचा जस्ताचा लाइन ब्लॉक होत असे. ब्लॉकच्या एखाद्या जागेला शाई लागते किंवा लागत नाही, मधली राखाडी छटा त्याला देता येत नाही. त्यामुळे छटा हवी तर ती रेघांनी, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांच्या जाळीने किंवा ठिपक्यांनीच उभी करावी लागे. राखाडी छटा बारीक ठिपक्यांत फोडणारे हाफटोन ब्लॉक होते, पण त्यांना गुळगुळीत कागद लागायचा. आर. के. लक्ष्मण यांची ब्रशने काढलेली जाड-बारीक रेघ आणि मारिओ मिरांडा यांची माणसांनी गच्च भरलेली, पेनाची बारीक रेघ या दोन्ही साध्या कागदावरच्या छपाईत टिकणाऱ्या रेघा आहेत. ऑफसेटमध्ये ती सक्ती उरली नाही. तरी आजही राखाडी भाग छापताना त्याचे ठिपके होतात आणि त्या ठिपक्यांत रेघेची कड तुटते. निव्वळ काळी रेघ मात्र अखंड उतरते. साध्या कागदावर छापणाऱ्या अंकासाठी काम करताना हे लक्षात ठेवून राखाडी टाळलेली बरी.

कागदावर करायचं तर चित्र छापील मापाच्या दीडपट काढतात. म्हणजे १८ × २४ ऐवजी २७ × ३६ सेंमी; ए-थ्री कागदावर भोवती समास सोडून हे बसतं. छापताना ते ६७ टक्क्यांवर येतं, हाताची थरथर आणि कडांचा खडबडीतपणा त्यात मिटतो. पण रेघही तेवढीच बारीक होते. मॅपलिथोसाठी मी छापील रेघ ०.१५ मिमीपेक्षा कमी होऊ देत नाही आणि दोन रेघांमधली पांढरी फट ०.३ मिमीपेक्षा कमी ठेवत नाही. शाई कागदात थोडी पसरतेच, फट त्याहून अरुंद असेल तर ती बुजते आणि जाळीचा काळा डाग होतो. दीडपट मापात याचा अर्थ मूळ चित्रात फट किमान ०.४५ मिमी.

पेन निवडतानाही हाच हिशेब करावा. साकुराच्या पिग्मा मायक्रॉनवरचा आकडा म्हणजे मिलिमीटर नव्हे: ००५ ची रेघ ०.२० मिमी, ०१ ची ०.२५, ०३ ची ०.३५, ०५ ची ०.४५ आणि ०८ ची ०.५० मिमी. रॉट्रिंगच्या आयसोग्राफवर मात्र थेट मिलिमीटर लिहिलेले असतात. दीडपट चित्रात ००५ वापरला तर छापील रेघ ०.१३ मिमी होते, म्हणजे मर्यादेच्या खाली. ती कुठे उमटते, कुठे उडते. म्हणून या कामासाठी ०१ पासून सुरुवात करावी आणि ००५ मूळ मापात छापायच्या चित्रांसाठी राखून ठेवावा. शंका असेल तर अर्धं काम झाल्यावर झेरॉक्सच्या दुकानात ६७ टक्क्यांवर एक प्रत काढून घ्या. कुठली जाळी बुजणार हे त्यावर लगेच कळतं आणि तेव्हा अजून बदलायला वाव असतो.

टाकाच्या रेघेला जिवंतपणा येतो तो दाबामुळे. निबेची दोन पाती दाबाने फाकतात, शाई जास्त उतरते, रेघ जाड होते. निक्को जी किंवा झेब्रा जी निब थोडी कडक असते, दाबाचा हात बसेपर्यंत तीच घ्यावी. गिलॉट ३०३ किंवा हंट १०२ फार बारीक आणि नाजूक; खडबडीत कागदावर त्या तंतूत अडकतात आणि शाई उडते. नव्या निबेवर गंज लागू नये म्हणून तेलाचा किंवा लाखेचा पातळ थर असतो. तो काढला नाही तर शाई निबेवर थेंबाथेंबाने गोळा होते आणि एकदम कागदावर ओघळते. भांडी घासायचा साबण किंवा टूथपेस्ट बोटाने चोळून, पाण्याने धुऊन, कोरडी करून घ्या. काडीच्या ज्योतीतून निब फिरवायची पद्धतही आहे, पण ती क्षणभरच. पोलाद जास्त तापलं तर निबेची लवचीकता जाते.

बुडवताना शाई निबेच्या छिद्रापर्यंत येऊ द्यावी, त्याच्या वर नाही. दौतीच्या काठाला निब टेकवून जादा शाई उतरवायची, मग बाजूच्या चिटोऱ्यावर एक रेघ ओढून पाहायची. रेघ नेहमी स्वतःकडे किंवा बाजूला ओढावी. पुढे ढकललेली निब कागदात रुतते आणि सुटताना काळे शिंतोडे उडवते. दिशा बदलायची असेल तर हात वाकवू नका, कागद फिरवा. यासाठी कागद टेबलाला न चिकटवता हलक्या ड्रॉइंग बोर्डवर लावलेला सोयीचा. दर काही मिनिटांनी निब पाण्यात बुडवून सुती फडक्याने पुसायची, कारण वॉटरप्रूफ शाईतली लाख वाळली की फट बंद होते. याच कारणाने इंडियन इंक फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नये, ते पेन पुन्हा चालत नाही. उलट फाउंटन पेनची साधी शाई मूळ चित्रासाठी नको. अशा बहुतेक शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या असतात, उन्हात फिकटतात आणि पाण्याचा हात लागला की वाहतात. दौत उघडी राहून शाई दाट झाली असेल तर डिस्टिल्ड वॉटरचे दोन-चार थेंब पुरतात.

कागदाचा प्रश्न निबेइतकाच मोठा आहे. कागदाला आतून खळ नीट लागलेली नसेल तर शाई तंतूंतून पसरते आणि रेघेला केस फुटतात. गुळगुळीत ब्रिस्टल, आयव्हरी बोर्ड किंवा हॉट-प्रेस जलरंग कागद, २०० जीएसएमच्या वरचा, यांवर टाक चांगला चालतो. साध्या कार्ट्रिज ड्रॉइंग कागदाच्या प्रत्येक गठ्ठ्याची परीक्षा वेगळी घ्यावी: कोपऱ्यात एक बारीक रेघ, एक जाड रेघ आणि एक फुली काढा, मिनिटभराने भिंगातून पाहा. फुलीच्या छेदावर शाई चारही कोनांत भरली असेल तर तो कागद जाळीकामाला निरुपयोगी आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात चांगला कागदही दगा देतो. हवेतली ओल शोषून तो मऊ पडतो, मग त्याच निबेने तीच रेघ फुटते. जून ते सप्टेंबर कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. दिवाळी अंकांचं काम नेमकं याच महिन्यांत येतं, तेव्हा हे टाळून चालत नाही. हाताखाली एक चिटोरा ठेवायची सवयही याच काळात लावून घ्यावी. घामाचा तेलकट डाग पडला की त्या जागी शाई धरत नाही.

जाळी घालताना दुसरा थर पहिल्याला काटकोनात टाकू नका. काटकोनातून खिडकीच्या जाळीसारखे चौकोन दिसू लागतात आणि नजर छटेऐवजी चौकोनांवर जाते. साधारण ३० अंशांच्या कोनात टाकलेला थर लांबट हिरे तयार करतो, ते लांबून सलग छटा म्हणून दिसतात. तिसऱ्या थरानंतर थांबावं. त्याहून गडद हवं असेल तर तो भाग सरळ काळा भरून टाकावा, आणि तो पेनाने नाही, ३ किंवा ४ नंबरच्या ब्रशने. पेनाने भरलेल्या काळ्यात रेघारेघांचे चकाकते पट्टे राहतात आणि स्कॅनमध्ये ते राखाडी येतात.

शाईखालचं पेन्सिलचं रेखाटन पुसताना खोडरबराची घाई हे शाईचित्र बिघडण्याचं सर्वांत सामान्य कारण असावं. बारीक रेघांना पंधरा मिनिटं, भरलेल्या काळ्याला तासभर तरी द्या, पावसाळ्यात दुप्पट. कडक रबराने घासलं तर वाळलेल्या शाईचा वरचा थरही निघतो आणि काळा करडा होतो. मऊ, मळून घ्यायचा रबर दाबून-उचलून वापरावा. चुकलेली बारीक रेघ जाड कागदावर धारदार ब्लेडने आडवी खरवडून काढता येते, नंतर ती जागा नखाने घोटून गुळगुळीत करायची. मोठ्या चुकीवर पांढरा पोस्टर कलर दाटसर लावावा. त्याच्यावर पुन्हा रेघ मारायची तर टाकानेच. मायक्रॉनचं टोक त्या रंगाच्या भुकटीने बुजतं. संपूर्ण चेहराच फसला असेल तर वेगळ्या कागदावर काढून, कडा तिरप्या तासून चिकटवा. छापील चित्रात ते जोडकाम दिसत नाही.

आता टॅबलेट. इथे पहिलं काम म्हणजे माप खिळवून टाकणं. कॅनव्हास छापील मापाचाच घ्यावा, ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल. १८ × २४ सेंमीसाठी तो ४२५२ × ५६६९ पिक्सेल होतो. चित्र पानाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग) धरून ४३९४ × ५८११. नेहमी वापरला जाणारा ३०० डीपीआय रंगीत चित्राला पुरतो, काळ्या रेघेच्या कडेला नाही. तिरप्या रेघांवर पायऱ्या दिसतात. आयपॅडवरच्या प्रोक्रिएट ॲपमध्ये कॅनव्हास मोठा झाला की लेयरची, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांची, संख्या कमी होते. तरी या कामाला कच्चं रेखाटन, रेघा, काळा भराव आणि दुरुस्ती एवढे चार लेयर पुष्कळ झाले.

६०० डीपीआयला एक मिलिमीटर म्हणजे सुमारे २४ पिक्सेल. मग वरच्याच मर्यादा पिक्सेलमध्ये अशा येतात: सर्वांत बारीक रेघ ४ पिक्सेल, मधली ७, बाह्यरेषेची १४, आणि जाळीतली फट ७ पेक्षा कमी नाही. या तीन मापांचे ब्रश जतन करून ठेवा आणि त्या चित्रात चौथं माप वापरू नका. दाबावर जाडी बदलणारा ब्रश असेल तर त्याचं किमान माप ३० टक्क्यांवर बांधा, म्हणजे १४ चा ब्रश ४ च्या खाली जाणार नाही. हे किमान शून्यावर ठेवलं की प्रत्येक रेघेचं टोक सुईसारखं निमुळतं होतं. स्क्रीनवर ते सुबक दिसतं, छापताना टोकं उडतात आणि रेघा आखूड येतात. शिवाय सगळ्या रेघांची टोकं एकसारखी निमुळती असणं ही डिजिटल चित्राची लगेच ओळखू येणारी खूण आहे.

झूमचा हिशेब यानंतर. आयपॅडच्या मोठ्या मॉडेलची स्क्रीन २६४ पीपीआयची, म्हणजे इंचाला २६४ पिक्सेलची आहे. तिच्यावर ६०० डीपीआयचं चित्र १०० टक्के झूमला ठेवलं तर ते छापील मापाच्या जवळजवळ सव्वादोन पट दिसतं. खरं माप दिसतं ४४ टक्क्यांना. चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरवर तर खरं माप १५ टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे १०० टक्के म्हणून जे दिसतं ते साडेसहा पट फुगलेलं असतं. आपल्या स्क्रीनचा पीपीआय भागिले ६०० करा, तो आकडा एका चिठ्ठीवर लिहून स्क्रीनशेजारी लावा. रेघा काढायचं काम त्याच्या दीडपट ते दुप्पट झूमवर करावं, म्हणजे कागदावरची दीडपटीची रीतच इथे पाळली जाते. भुवई किंवा बोटं काढताना जास्त जवळ जायला हरकत नाही, पण जाळी तिथे घालू नये. १२.९ इंची आयपॅडची स्क्रीन साधारण २० × २६ सेंमी असल्याने आपलं पान त्यावर अख्खं खऱ्या मापात मावतं. या कामापुरता मोठ्या स्क्रीनचा सर्वांत मोठा फायदा मला हाच वाटतो.

रेघ थरथरते म्हणून स्टॅबिलायझर (रेघ आपोआप सरळ करणारी सोय) वाढवत नेणं चुकीचं आहे. स्टॅबिलायझर हाताच्या मागून रेघ ओढत आणतो. तो जितका जास्त तितकी रेघ उशिरा येते आणि कोपरे गोलावतात. शर्टाच्या चुण्या, बोटांची पेरं, झाडाच्या फांद्या सगळं रबरी दिसू लागतं. जाळीला तो अगदी कमी किंवा बंद, लांब वळणाला मध्यम. क्लिप स्टुडिओ पेंट या चित्रकलेच्या ॲपमध्ये हे ब्रशनिहाय जतन करता येतं. आधी थरथर कुठून येते ते तपासा. पट्टी स्क्रीनवर धरून पेनाने तिरपी रेघ अगदी हळू ओढा. पट्टी सरळ असूनही रेघ लाटांसारखी आली तर दोष पेनाची जागा टिपणाऱ्या डिजिटायझरचा आहे, हाताचा नाही. अशा टॅबलेटवर रेघ मनगटाऐवजी कोपरातून, थोडी वेगाने ओढली की लाटा बऱ्याच कमी होतात.

४०९६ की ८१९२ दाबपातळ्या यावर पैसे खर्च करू नका, हाताला तो फरक कळत नाही. कळतो तो दाबाचा आलेख, म्हणजे किती दाबाला किती जाड रेघ हे ठरवणारी सेटिंगमधली वक्ररेषा. हलक्या हाताने रेघ उमटतच नसेल तर आलेख सुरुवातीला वर उचला. पेन जोराने दाबून मनगट दुखत असेल तर शेवटचं टोक डावीकडे आणा, म्हणजे कमी दाबात पूर्ण जाडी मिळेल. काचेवर पेन निसटतं म्हणून कागदासारखी खरखरीत फिल्म लावतात. तिच्यामुळे पकड येते, पण प्लास्टिकचं टोक लवकर झिजून एका बाजूने तिरपं होतं आणि मग फिल्मलाच ओरखडे पाडतं. टोक बोटाला सपाट लागलं की बदला.

काळा भराव बादलीने टाकला की रेघ आणि भराव यांच्यामध्ये पांढुरकी कड राहते, कारण रेघेची कड राखाडी पिक्सेलनी मऊ केलेली असते. भराव दोन पिक्सेलनी वाढवण्याचा पर्याय चालू करावा, किंवा कड अशी मऊ करणारं अँटी-अलियासिंग सरळ बंद करून निव्वळ काळ्या-पांढऱ्यातच काम करावं. क्लिप स्टुडिओत त्यासाठी मोनोक्रोम लेयर आहे, आणि प्रत्येक रेघ स्वतंत्र ठेवणाऱ्या त्याच्या व्हेक्टर लेयरवर एक रेघ दुसरीला जिथे छेदते तिथपर्यंतचाच तुकडा पुसता येतो. केस आणि गवत काढणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे. एक गोष्ट मात्र करू नये: एकदा काढलेली जाळी कॉपी करून भिंतभर डकवणं. डोळा पुनरावृत्ती फार पटकन पकडतो आणि भिंत छापील कापडासारखी दिसते.

मग निवड कशी करायची? संपादक दोनदा बदल सांगणारा असेल, कथेत पात्रांचे कपडे शेवटच्या क्षणी बदलणार असतील, किंवा तेच चित्र जाहिरातीसाठी वेगळ्या आकारात लागणार असेल, तर टॅबलेट. मूळ चित्र विकायचं, प्रदर्शनात लावायचं असेल, तर कागदच, कारण डिजिटल चित्राचं मूळ असं काही नसतं, प्रतीच असतात. शिकणाऱ्याने निदान काही महिने टाक हातात धरावा असं माझं ठाम मत आहे. रेघ कुठून सुरू करून कुठे सोडायची हे आधी ठरवण्याची सवय टाक लावतो, आणि ती सवय टॅबलेटवर जशीच्या तशी कामी येते.

दोन्ही मिळूनही करता येतं, आणि अर्ध्या पानाच्या चित्रांना ही रीत उत्तम बसते. रेखाटन टॅबलेटवर पक्कं करा, लेयर फिकट निळा करून घरच्या इंकजेट प्रिंटरवर जाड ए-फोर कागदावर छापा, पूर्ण वाळू द्या, त्यावर टाकाने शाई करा. १२ × १८ सेंमीचं चित्र दीडपट म्हणजे १८ × २७, ते ए-फोरवर मावतं. लेझर प्रिंट यासाठी चालत नाही, टोनरवर शाई धरत नाही. नंतर चित्र रंगीत मोडमध्ये स्कॅन करून लाल, हिरवा, निळा या तीन चॅनेलांपैकी फक्त निळा ठेवला की निळ्या रेघा जवळजवळ पांढऱ्या होतात आणि काळी शाई उरते.

स्कॅन ६०० डीपीआयला करा आणि स्कॅनरचा काळा-पांढरा मोड टाळा, किती गडद छटा काळी धरायची तो उंबरठा तो स्वतःच ठरवून बारीक रेघा खातो. आपोआप सुधारणा करणारे पर्याय बंद ठेवा. कागद थोडाही लाटलेला असेल तर झाकणावर जाड पुस्तक ठेवा. सपाट, पातळ स्कॅनरमध्ये काचेपासून जरा उंच असलेली जागा लगेच धूसर येते. चित्र-संपादनाच्या ॲपमधल्या लेव्हल्समध्ये कागदाचा रंग पांढरा आणि शाई काळी होईपर्यंत दोन्ही टोकं सरकवा. त्यानंतर चित्र १२०० डीपीआयपर्यंत मोठं करून मगच थ्रेशोल्ड, म्हणजे काळ्या-पांढऱ्याचा तो उंबरठा, लावा, साधारण मध्यावर, १२८ च्या आसपास. आधी थ्रेशोल्ड लावून मग मोठं केलं तर पायऱ्याही मोठ्या होतात. टॅबलेटवर मऊ कडांनी काढलेल्या चित्रालाही हाच क्रम लागू आहे.

फाइल एक-बिट टिफ म्हणून द्या, म्हणजे प्रत्येक पिक्सेल निव्वळ काळा किंवा पांढरा. जेपेग नको, त्यात प्रत्येक रेघेभोवती करड्या ठिपक्यांची धूळ बसते. व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आलीच तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलेलं चित्र लहान होतं आणि जेपेगही होतं. चित्र स्क्रीनच्या आरजीबी रंगांत राहिलं आणि मांडणी करणाऱ्याने ते छपाईच्या चार शाईंच्या सीएमवायकेत बदललं, तर काळा रंग चारही शाईंचा मिळून बनतो. चित्र रंगीत पानांसोबत छापलं जात असेल आणि एखादी प्लेट (प्रत्येक शाईचा वेगळा छपाईचा पत्रा) केसभर सरकली, तर रेघांना लाल-निळी कड येते. एक-बिट किंवा ग्रेस्केल फाइलमध्ये हा धोका नाही, कारण ती फक्त काळ्या प्लेटवर जाते. तरी अंतिम पीडीएफ आली की ॲक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये काळी प्लेट बंद करून पाहा. चित्र पूर्ण नाहीसं झालं पाहिजे. त्याची पुसटशी छायाही उरली तर पान परत मांडणीला पाठवा.